दाढ मेली, गोळी कुणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

"नुसतं पाणी मारतात आत, आणि बिल बघा!" आमच्या विश्रामबागेतल्या चहाच्या टपरीवर रूट कॅनालचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. परवापरवापर्यंत मीही मान डोलवत होतो. आता त्या खुर्चीवर दोनदा बसून आलोय, म्हणून लिहितो.

आधी माझा मूर्खपणा. खालची उजवी दाढ ठणकायला लागली की कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जायचं. "दाढ दुखतेय" एवढं म्हटलं की काउंटरवरचा पोरगा अॅमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडॅझोल ही अँटिबायोटिकं काढून देतो. चिठ्ठी मागत नाही, मीही दाखवत नाही. पट्टीवर उभी लाल रेघ असते, ती चिठ्ठीशिवाय घेऊ नका हे सांगायलाच. माझ्या नजरेस ती कधी पडली नाही. असे दोन कोर्स झाले, तेही अर्धवट. ठणका थांबायचा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा हजर.

शेवटी सूनबाईंनी जवळजवळ ओढतच दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणजे माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची मुलगी. एक्स-रे दाखवत म्हणाली, "काका, आतली नस मेलीय. तिथं रक्तच जात नाही, मग रक्तातून येणारी गोळी पोचणार कशी?" छत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पण एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नव्हती.

मग तोंडावर रबरी पडदा ताणला, त्याच्या भोकातून एकटी दाढ वर. पिचकारी सुरू झाली आणि ओळखीचा वास आला. २०१९ च्या पुराचं पाणी ओसरल्यावर गावभागात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर मारली होती, तोच! बोलता येईना, पण थांबल्या थांबल्या विचारलं. सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे त्या पावडरीचा सख्खा भाऊ. पहिल्या महायुद्धात डेकिन यांनी सैनिकांच्या जखमा धुवायला याचंच अर्ध्या टक्क्याचं द्रावण वापरलं. दातात अर्ध्यापासून सव्वापाच टक्क्यांपर्यंत वापरतात. ते जंतू तर मारतंच, वर मेलेल्या नसेचे धागेही विरघळवतं. दाढेच्या नळ्या काही पीव्हीसी पाइप नव्हेत. फाटे, फटी, चपटे कोपरे. बारीक कानस कितीही फिरवली तरी भिंतीचा तिसरा हिस्सा तरी तिला लागत नाही. तिथं शिरतं ते टपरीवरचं 'पाणी'.

आणि हे पाणी मुळाच्या टोकापलीकडे गेलं तर जबर आग आणि सूज. म्हणून सुईचं टोक बंद, भोक बाजूला, आणि दाब अगदी हलका.

मी मास्तरी सोडली नाही. विचारलं, क्लोरहेक्सिडीन हे दुसरं जंतुनाशक का नाही? तिनं काचेच्या पट्टीवर दोन्हींचे थेंब शेजारी टाकले आणि टोकानं मिसळले. क्षणात विटकरी गाळ. "वापरतो की, पण मधे नळी नीट धुऊन. नाहीतर हा गाळ आत बसला तर काढणार कोण?" वर्गात असा प्रयोग दाखवला असता तर पोरांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

पहिल्या खेपेला आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून वर तात्पुरतं सिमेंट लावलं. म्हणजे चुनाच की! (तंबाखूवाल्यांनी हुरळून जाऊ नये. डबीतला चुना दाढेला लावला तर हिरडी भाजते.) सामू (पीएच) साडेबाराच्या आसपास, म्हणजे जबर अल्कधर्मी, बहुतेक जंतू त्यात टिकत नाहीत. एंटरोकॉकस फीकॅलिस हा मूळचा आतड्यातला जंतू मात्र चिवट. फसलेल्या रूट कॅनालमध्ये तो वारंवार सापडतो. आणि आपली मंडळी करतात काय, तर दुखणं थांबलं की दुसऱ्या खेपेला जातच नाहीत. ते सिमेंट झिजतं, लाळ आत झिरपते, आणि धुतलेलं सगळं वाया.

गालावर सूज चढली, ताप आला, तोंड उघडेना, तर अँटिबायोटिक लागतं आणि ताबडतोब डॉक्टरही लागतो. पण नुसत्या ठणक्याला नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये हेच सांगितलंय: दातावर उपचार होऊ शकत असतील तर निरोगी प्रौढांना बहुतेक वेळा या गोळ्यांची गरज नसते.

हे सगळं मी त्या मेडिकलवाल्या पोराला सांगितलं. म्हणाला, "सर, मी नाही दिली तर पुढच्या चौकात मिळते." त्याचं खोटं नाही. म्हणूनच अन्न व औषध प्रशासनानं एखाद्या दुकानावर कारवाई करून फोटो छापण्यापेक्षा सांगली-मिरजेतल्या सगळ्याच काउंटरांवर एकाच आठवड्यात चिठ्ठ्या तपासाव्यात, म्हणजे पुढच्या चौकाची सबब उरणार नाही.

माझी तिसरी खेप गुरुवारी आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
विश्रामबाग, सांगली