माती परीक्षणात जिवाणूंचा रकाना पाहिजे

मा. संपादक, स.न.वि.वि.

श्रावणात रानातलं सोयाबीन मुळासकट उपटून बघितलं. मुळावरच्या गाठी नखानं फोडल्या तर आतून लालसर गुलाबी, म्हणजे रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र धरायचं काम जोरात करतायत. बांधापलीकडच्या तुकड्यात मात्र गाठी मोजक्याच, त्याही आतून पांढऱ्या. त्या तुकड्यात मी चार वर्षं ऊस तुटला की पाला पेटवत होतो. सगळा दोष पाल्याचाच असं नाही, पण त्या दिवसापासून काडी ओढायला हात होत नाही.

आपल्याकडची काळी माती म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. त्या काळ्या दगडात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, स्फुरद सगळं आहे, पण ते पिकाला मिळायला दगड झिजायला लागतो आणि त्या कामात पाऊस-उन्हाबरोबर जिवाणू, बुरशी पण आम्ल सोडून हात लावतात. एक ग्रॅम चांगल्या मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, हजारो जातींचे. वळवाच्या पहिल्या सरीला जो वास सुटतो ना, त्यात मोठा वाटा स्ट्रेप्टोमायसिसचा, आणि टीबीवरचं स्ट्रेप्टोमायसिन 1943 साली याच कुळातल्या जिवाणूपासून मिळालं!

आणि दगड एकच असला तरी मातीतल्या जिवाणूंची वस्ती सगळीकडं सारखी नाही. गगनबावड्याकडं पाऊस धो धो, तांबडी माती आंबट, इकडं नदीकाठची काळी माती अल्कधर्मी, शिरोळकडं पाणी जास्त होऊन क्षारपड झालेली रानं. सामू (म्हणजे मातीचा आंबटपणा-अल्कपणा, पीएच) आणि क्षार बदलले की आतले जीव बदलतात, मग सगळ्यांना एकच संवर्धक, म्हणजे जिवाणूंचं खत, कसं चालणार?

मृदा आरोग्य पत्रिकेत 12 गोष्टी तपासतात, नत्र, स्फुरद, पालाशपासून बोरॉनपर्यंत. सेंद्रिय कर्ब आहे, पण जिवाणू किती, कुठले, याचा रकानाच नाही. आपल्या शिवाजी विद्यापीठात, कॉलेजांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात, त्या पोरांना प्रोजेक्ट म्हणून गावोगावचे नमुने तपासायला द्या की, आम्ही माती आणून देतो. कृषी खात्यानं आणि कारखान्यांनी तोडी संपायच्या आत यावर बोलावं. यंदा मी खोडव्यात (तोडणीनंतर बुडख्यातनं परत फुटलेल्या उसात) पाला कुट्टी करून सरीत दाबलाय, पहिला नमुना माझ्या रानातला घ्या.

– एक ऊस उत्पादक, ता. करवीर, जि. कोल्हापूर