गडकरी साहेब, गोहीलाही दर द्या

प्रति,
मा. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री

साहेब, सप्रेम नमस्कार.

पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलचा दर हा पेट्रोलियम खात्याकडचा विषय आहे, हे मला ठाऊक आहे. पण नागपूरच्या माणसानं इथेनॉलचं गाऱ्हाणं तुमच्याकडे नाही न्यायचं, तर कोणाकडे?

गाऱ्हाणं गोहीचं आहे. रामटेक-पारशिवनीकडच्या रानातल्या, बांधावरच्या गावरानी आंब्याची कोय. रस चोखून झाला की ती उकिरड्यावर जाते. शहरातली भांडेवाडीच्या कचरा डेपोत जाते. तिच्या आतला गर वाळवून दळला तर निम्म्याच्या आसपास स्टार्च निघतो. म्हणजे टनभर पिठातून तीनशे लिटर इथेनॉल मिळायला हरकत नाही. मक्याच्या टनाला 380 लिटर धरतात. मका मात्र कोंबड्यांच्याही तोंडचा घास आहे, गोही कोणाच्याच नाही.

जंगलातल्या मालाचा विषय निघाला की सगळे मोहफुलावर येतात. मोहात तयार साखर असते, यीस्ट टाकलं की झालं. स्टार्चचं तसं नाही. पीठ शिजवायचं, एन्झाइम घालून त्याची साखर करायची, मग यीस्ट. त्यात गोहीत टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य. ते एन्झाइमला आणि यीस्टला अडवतं. मी एका डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत होतो तेव्हा हौसेनं गोहीचं पीठ तुरटपणा न काढता थेट बरणीत लावलं होतं. चार दिवस झाले तरी बुडबुडा नाही! घरी सांगितलं तर आजी हसली. दुष्काळात त्यांनी गोहीच्या भाकरी खाल्ल्या होत्या. म्हणाली, "अगा, रातभर भिजू घालून दोनतीनदा पाणी बदलल्याशिवाय तिचा तुरटपणा जाते का?" टॅनिन पाण्यात उतरतं, हे शिकलेला मी, आणि ध्यानात आणून दिलं तिनं.

आणखी एक गोष्ट. गोहीत थोडी चरबीही असते, ती आधी काढून घेता येते. युरोपात चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी काही अंशी ज्या सहा वनस्पतीजन्य चरबी चालतात, त्यात आंब्याच्या कोयीची एक आहे. वेचणाऱ्या बाईची मजुरी त्या चरबीतून निघावी, उरलेल्या पेंडीचं इथेनॉल व्हावं. नुसत्या इथेनॉलवर हा हिशेब जमणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

खरी अडचण पावसाची. गोही पडते जूनच्या तोंडावर, आणि ओली राहिली की बुरशी धरते. पण त्याच वेळी आपल्या विदर्भातल्या जिनिंगच्या शेड रिकाम्या असतात, सोयाबीनचं तेल काढणारे सॉल्व्हंट प्लांटही थंड असतात. छप्पर आहे, यंत्र आहे, फक्त माल नाही.

माल येत नाही, कारण त्याला भाव नाही. 2018 च्या जैवइंधन धोरणात मका, कसावा, खराब गहू, तुकडा तांदूळ, अगदी सडके बटाटेसुद्धा नावानिशी आहेत. गोही नाही. नाव नाही म्हणजे बंदी आहे असं नव्हे. पण दरपत्रकात ओळ नसली की खरेदीवाला मालाकडे बघत नाही, हे मी जवळून पाहिलंय.

अन्नदात्यानं ऊर्जादाता व्हावं, असं तुम्ही नेहमी म्हणता. गोही वेचणाऱ्या बाईकडे सातबारा नसतो, पण तीही त्यात बसावी. दारू गाळण्याची भानगड गावात नकोच. गावानं फक्त वेचायचं, फोडायचं, भिजवायचं, वाळवायचं. पुढचं परवानाधारक डिस्टिलरी बघेल.

याने देशाची तेल आयात घटेल, असं मी म्हणत नाही. रामटेक तालुका आणि एक हंगाम, एवढंच मागतो. येत्या मे महिन्याआधी दर कळला, तर जिनवाल्यांकडे शेडची किल्ली मागायला मी स्वतः जाईन.

आपला,
एक निवृत्त केमिस्ट, नागपूर