गुडघ्याखाली उशी नको

फैजपूर,
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय वसंत यास,
सप्रेम नमस्कार.

काल डॉक्टरांनी तारीख दिली. मार्गशीर्षाच्या दुसऱ्या आठवड्यात जळगावला माझ्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन आहे. झिजलेला सांधा काढून तिथे कृत्रिम सांधा बसवणार आहेत. बाकी प्रकृती ठीक आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना मी हे सगळे हसतमुखाने सांगतो, पण मनात जे घोळते आहे ते तुलाच कळेल, कारण तात्यांच्या वेळी तू माझ्याबरोबर होतास.

ऑपरेशनचे भय मला वाटत नाही. भूल कमरेखालच्या भागापुरतीच देणार आहेत. तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात आल्याशिवाय हात लावणार नाही, असे डॉक्टरांनी आधीच बजावले होते, म्हणून मी पथ्य कडक पाळले आणि ती आता आटोक्यात आली आहे. एक दाढ सडली होती, तीही काढून घेतली. तोंडातला जंतुसंसर्ग रक्तावाटे नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतो म्हणे. खर्चाचे म्हणशील, तर सरकारने २०१७ च्या ऑगस्टमध्ये या सांध्यांच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली, त्यामुळे आपल्यासारख्यांना निदान विचार तरी करता येतो.

काळजी आहे ती घरी आल्यानंतरची. तात्यांचे खुब्याचे ऑपरेशन किती चांगले झाले होते, आठव. तिसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः म्हणाले होते की यांना धरून उभे करा. पण घरी आणल्यावर जिजी, आत्या, येणारेजाणारे पाहुणे, प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य: ‘पडून राहा, हलू नका, आम्ही आहोत ना.’ पाणी हातात, जेवण हातात, कूस बदलायलाही दोघे जण. पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ भरला, आणि पंचमीपर्यंत ताठ चालणारा माणूस पोळ्याला गेला. ‘यांना उठवा’ म्हणून तू ओट्यावर उभा राहून भांडलास, जिजीने तुला ‘परक्याच्या पोराला काय कळतं’ असे म्हटले आणि तू न जेवता निघून गेलास. जिजी शेवटपर्यंत त्या शब्दांवर रडायची, हे तुला सांगायचे राहिले होते. तिची माया खोटी नव्हती, म्हणूनच तिला कोणी अडवू शकले नाही.

आता तीच माया माझ्या घरात तयारीला लागली आहे. कमलने सावरीच्या कापसाची मऊ उशी शिवली आहे, गुडघ्याखाली ठेवायला. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी मात्र पहिल्याच भेटीत सांगितले की गुडघ्याखाली उशी कधीही घ्यायची नाही. आराम वाटतो, पण पाय वाकलेल्या स्थितीतच आखडतो आणि मग पूर्ण सरळ होत नाही. आधार द्यायचाच तर टाचेखाली द्यायचा, म्हणजे गुडघा आपल्या भाराने सरळ होतो. हे कमलला कसे सांगावे याचा विचार करण्यात माझी रात्र गेली. अखेर सकाळी सांगितले, तेव्हा ती काही न बोलता उशी कपाटात ठेवून आली. मुलगा पुण्याहून म्हणतो, ‘बाबा, इकडेच या, सहा आठवडे बेडवरून उठू देणार नाही.’ किती प्रेमाने म्हणतो, आणि किती उलटे म्हणतो! त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे राहायचे असते, घोटे वरखाली हलवत राहायचे असते, म्हणजे पायात रक्त साकळत नाही. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात, आणि दुखत असतानाच रोज थोडे अधिक वाकवावे लागते. ते पहिले आठवडे वाया गेले तर गुडघा ताठर राहतो.

घराची तयारी मी करून घेतली आहे. मागच्या संडासात कमोड बसवला, भिंतीला लोखंडी दांडा लावला, सतरंज्या गुंडाळून माळ्यावर टाकल्या, खाट विटांवर उंच केली. मधल्या खोलीचा उंबरठा सुतार काढणार आहे. ओट्याच्या पायऱ्यांचा नियमही पाठ केला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. पोटरी सुजून दुखू लागली, जखमेतून पाणी आले किंवा दम लागला, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा, हे कमलने दिनदर्शिकेवर लिहून ठेवले आहे. मांडी घालून पंगतीत बसणे बहुधा संपले. बामणोदच्या वांग्यांचे भरीत यंदा शेतात होईल तेव्हा मी खुर्चीवर असेन, आणि तू माझ्या वाट्याची कळण्याची भाकरी पळवशील हे मला आत्ताच दिसते आहे.

म्हणून एक मागणे आहे. घरी आल्यानंतरचे दोन आठवडे तू इथे येऊन राहा. सुरतेहून भुसावळ गाडी आहे, स्टेशनवर कोणाला तरी पाठवतो. सेवा करायला माणसे पुष्कळ आहेत. ‘काय रे भो, ऊठ, चाल’ असे दरडावणारे कोणी नाही, आणि मी कण्हलो तरी ज्याचे मन विरघळणार नाही असा तू एकटाच आहेस. गणपतीच्या वर्गणीवरून तू माझ्याशी दिवाळीपर्यंत अबोला धरला होतास, तेवढा कठोरपणा पुरे. तुझे घोरणे कमल सहन करील, मी तिला सांगून ठेवले आहे. ती तुझा शब्द मानते. जिजीने मानला नाही तो ती मानील, असा माझा विश्वास आहे.

मीनाचे लग्न ठरल्याचे कळले, फार आनंद झाला. तारीख कळव, पाय तोवर तयार ठेवतो. तुझ्या मोतीबिंदूचे पुढे काय झाले तेही लिही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

येण्याचे नक्की झाले की लगेच फोन कर, म्हणजे पुण्याला मुलाला तसे सांगता येईल. तो तिकडची खोली रिकामी करायला निघाला आहे.

तुझा,
प्रकाश