चुनखडीची पूड ओतून कवच जाड होत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा तापला की इंदूरच्या आसपासच्या पोल्ट्र्यांत अंड्यांची कवचे पातळ होतात आणि उपाय ठरलेला असतो: खाद्यात आणखी चुनखडीची पूड. खर्च किरकोळ, गुणही तेवढाच.

एका अंड्याच्या कवचात सुमारे 2.2 ग्रॅम कॅल्शियम असते. खाल्लेल्यातले निम्मेच कवचाला लागते, म्हणून रोज 4 ग्रॅम तरी पोटात जावे लागते. 110 ग्रॅम खाणाऱ्या कोंबडीला 3.8 टक्के कॅल्शियमचे खाद्य पुरते. उन्हात ती 90 ग्रॅमवर येते आणि हिशेब साडेतीन ग्रॅमच्याही खाली जातो. त्यात पूड वाढवली तर खाद्य धुळकट होते, कोंबडी आणखी कमी खाते. शिवाय कवच मुख्यतः रात्री घडते. पूड तोवर पोटातून निघून गेलेली असते. मग चुना हाडांतून निघतो आणि कोंबडी पाय गाळून बसते.

म्हणून 100 किलो खाद्यातल्या 9 किलो चुनखडीपैकी 6 किलो 2 ते 4 मिलिमीटरचे खडे असावेत, पूड 3 किलोच. खडे गिझार्डमध्ये (दाणे भरडणाऱ्या पोटात) अडकून रात्रभर हळूहळू विरघळतात. शिंपल्यांचा जाड चुराही चालतो. यातले काही खडे दुपारी चारनंतर वेगळे टाकले तर उत्तम. खडे घेताना दोन-चार व्हिनेगरमध्ये टाकून पाहावेत. चुनखडी फसफसते, वाळूचे खडे नुसते बसून राहतात, डोलोमाइट हा चुनखडीसारखाच दिसणारा दगडही जेमतेमच बुडबुडे देतो. डोलोमाइटमधल्या मॅग्नेशियमने विष्ठा पातळ होते.

100 किलोमागे डीसीपी (फॉस्फरस देणारे डायकॅल्शियम फॉस्फेट) 1 ते सव्वा किलो. आपल्या माळव्याच्या सोयाबीन पेंडीतला बराचसा फॉस्फरस कोंबडीला पचत नाही, म्हणून डीसीपी टाळू नये. पण फॉस्फरस जास्त झाला तरी कवच बिघडतेच. धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कवचाला लागणारे कार्बोनेट कमी पडते. तेव्हा 300 ग्रॅम मिठाऐवजी 200 ग्रॅम मीठ आणि 200 ग्रॅम खाण्याचा सोडा द्यावा. खाद्यात सुकी मासळी असेल तर मीठ आणखी कमी.

मँगनीज-जस्ताचे मिनरल मिक्स्चर पाकिटावरच्या मात्रेनेच, आधी दोन-तीन किलो मक्याच्या भरड्यात कालवून मगच ढिगात मिसळावे. हे सगळे बारीक जिन्नस खाद्याच्या भांड्याच्या तळाशी राहतात, म्हणून तळ चाटून झाल्याशिवाय नवे खाद्य ओतू नये.

तलंगांना (अजून अंडी न देणाऱ्या कोवळ्या कोंबड्यांना) मात्र हे खाद्य लवकर लावू नये. त्यांना 1 टक्का कॅल्शियम पुरते, जास्तीने मूत्रपिंडे खराब होतात. सतराव्या आठवड्यापासून 2 ते अडीच टक्के, पहिली अंडी दिसली की पूर्ण मात्रा. झाबुआच्या कडकनाथला, ती अंडी कमीच देत असल्याने, साधे खाद्य आणि शेजारी खड्यांची वाटी एवढे बस्स.

– काही कुक्कुटपालक, राऊ (इंदूर)