शिखराची तारीख छापली, परतीची वेळ?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हिवाळी शिखर मोहिमेच्या तयारीवर लेख आला. पोरे उन्हाळ्यातली मळलेली वाट सोडून भर थंडीत वाऱ्यासाठी बदनाम असलेल्या एका आडबाजूच्या शिखराकडे निघाली आहेत, हे वाचून बरे वाटले. मात्र छायाचित्राखाली ‘शिखराला बिलगलेला ढग’ असे छापले आहे. तो ढग नव्हे. धारेवरून एकाच दिशेला फरफटत गेलेला तो पांढरा पट्टा म्हणजे वाऱ्याने उडवलेला बर्फ. तो दिसतो त्या दिवशी शहाणा माणूस तंबूत पत्ते कुटत बसतो.

लेखात शिखरावर पाऊल ठेवण्याची तारीख ठळक टाइपात आहे. मागे कधी फिरणार, हे कुठेच नाही. पत्राचे कारण एवढेच.

हिवाळ्यात पहिला हिशेब वाऱ्याचा. वेग दुप्पट झाला की अंगावरचा रेटा चौपट होतो. उणे २० अंशांत ताशी ४० किलोमीटरचा वारा असला, तर उघड्या कातडीला थंडी उणे ३४ सारखी लागते. उंच पर्वतावर हिवाळ्यात हवेचा दाबही उतरतो, म्हणजे त्याच उंचीवर श्वासागणिक प्राणवायू उन्हाळ्यापेक्षा कमी. दिवस आखूड असतो, ते वेगळेच.

आमच्या मोहिमेत वाऱ्याची वही माझ्याकडे होती. सकाळ, दुपार, संध्याकाळ नोंद. एकोणीस दिवसांत सलग दोन दिवसांची उघडीप एकदाच आली. तेव्हा आम्ही खालीच होतो. वरच्या तळावर तंबू होता, पण गॅसचे डबे पोचलेले नव्हते. उघडीप सामान वाहण्यात गेली. नेत्याने मदत देणाऱ्यांना तारीख कबूल केली होती, म्हणून तिसऱ्या दिवशी वहीत ‘पट्टा लांब’ असे मीच लिहिलेले असताना आम्ही निघालो. मीही गेलो; दोष एकट्या नेत्याचा नाही.

धारेवर कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची धातूची कडी, गोठला होता. तो उघडायला उजवा हातमोजा काढला आणि दातांत धरला. मागच्याला ‘दोर ताण’ म्हणून ओरडायला तोंड उघडले. मोजा खाली पडलासुद्धा नाही, सरळ आडवा गेला. खिशात जादा जोडी होती, पण तिच्यापर्यंत पोचायला दोन जाकिटांच्या चेन उघडायच्या होत्या. त्या हाताची दोन बोटे आज पेरापासून नाहीत. शिखर अर्थातच झाले नाही.

१९६७ मध्ये अलास्कातल्या डेनालीवर पहिली हिवाळी चढाई झाली. माथा गाठून उतरताना आर्ट डेव्हिडसन, रे जेने आणि डेव्ह जॉन्स्टन वादळात अडकले आणि साधारण साडेपाच हजार मीटरवरच्या खिंडीत बर्फात बीळ कोरून सहा दिवस पडून राहिले. तगले, त्यात आधीच्या मोहिमेतून तिथे राहिलेल्या इंधनाचा वाटा मोठा होता. इंधन संपले की बर्फ वितळत नाही, आणि मग पाणी नाही. म्हणून पोरांना विचारावे, वरच्या तळावर अडकलात तर किती दिवसांचे इंधन आहे? आणि बाहेर वाऱ्याने स्टोव्ह टिकत नसताना तंबूच्या आडोशाला, गुदमरणार नाही अशा बेताने, तो पेटवायचा सराव केला आहे का?

परत फिरण्याबद्दल एक सांगतो. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी नंगा पर्वतावर पहिल्यांदाच हिवाळ्यात माणसे पोचली: सिमोने मोरो, अली सदपारा आणि अलेक्स चिकोन. चौथी होती तमारा लुंगर. माथा जेमतेम ७० मीटर उरला असताना ती मागे वळली आणि जिवंत खाली आली. मथळ्यांत तीन नावे आली. माझ्या लेखी त्या दिवसाची सर्वांत अवघड चाल तिची होती.

आपल्या प्रतिनिधीने पुढच्या वेळी तीन गोष्टी विचारून त्याच ठळक टाइपात छापाव्यात. उघडिपीची वाट पाहायला हातात किती दिवस आहेत, वाऱ्याच्या कोणत्या वेगाला निघायचेच नाही, आणि शिखराच्या दिवशी किती वाजता, कुठेही असलो तरी, वळायचे. आकडा एकदा छापून आला की नेत्यालाही मदतदारांपुढे तो दाखवता येतो. आमच्याकडे दाखवायला फक्त तारीख होती.

आणि जमल्यास त्यांना एवढा निरोप द्या: दोन्ही हातमोजे दोरीने जोडून ती दोरी जाकिटाच्या बाह्यांतून ओवून घ्या, बालवाडीतल्या मुलांची असते तशी. आमच्या चमूत तशी दोरी एकाचीच होती आणि आम्ही त्याला आठवडाभर हसत होतो.

आपला,
एक जुना गिर्यारोहक