आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: बाटलीवर ‘मुक्त’ छापायला कोणाची परवानगी लागते?

मा. आरोग्यमंत्री,
स. न. वि. वि.

४ फेब्रुवारीला, जागतिक कर्करोग दिनी, सगळीकडे फलक लागतात: तंबाखू सोडा. सल्ला योग्यच आहे. शाम्पूतल्या रसायनांना घाबरून सिगारेट ओढत बसणाऱ्याचं कोण काय भलं करणार? पण सिगारेट सोडणं माझ्या हातात आहे, घरातल्या कपाटाच्या प्लायवूडमधून काय बाहेर पडावं हे नाही.

नवं कपाट उघडलं की डोळे चुरचुरतात. त्याला बरेचदा फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू कारण असतो. प्लायवूड, एमडीएफ (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळ्या) ज्या युरिया-फॉर्माल्डिहाइड गोंदाने चिकटवतात, त्यातून ते महिनोन्‌महिने सुटत राहतं. उकाड्यात आणि दमट हवेत जास्तच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच ते पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींत घातलं. याच गटात तंबाखूही आहे, म्हणून दोन्ही सारखीच घातक असं मात्र नाही. गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो. धोका ठरतो तो किती, किती काळ आणि कोणत्या वाटेने शरीरात गेलं यावर. म्हणूनच कपाट वापरणाऱ्यापेक्षा ते कापणाऱ्या सुताराची, आणि केस सरळ करून घेणारीपेक्षा दिवसभर तेच काम करणाऱ्या पार्लरमधल्या मुलीची मला जास्त काळजी वाटते.

तिच्या हातातली बाटली एकदा पाहा. पुढे ठळक ‘फॉर्माल्डिहाइड-मुक्त’, मागे बारीक अक्षरांत ‘मिथिलीन ग्लायकॉल’. फॉर्माल्डिहाइड पाण्यात मिसळलं की त्याचं हेच होतं. तापलेली पट्टी केसांवरून फिरली की वायू पुन्हा सुटतो आणि सरळ तिच्या श्वासात जातो. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने २०११ मध्ये नेमका हाच इशारा दिला होता: ‘मुक्त’ म्हणवणाऱ्या उत्पादनांतही ते सापडलं. निदान हे नाव छापलेलं तरी असतं. ‘सुगंध’ या एका शब्दाआड किती रसायनं लपली आहेत, हे विकणारालाही ठाऊक नसतं. रसायनशास्त्र शिकवण्यात माझी उमर गेली, तरी मला ते लेबल वाचून कळत नाही. बाकीच्यांनी काय करायचं?

बंदीचंही तसंच. प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल-ए (बीपीए) हे रसायन नको म्हटलं की त्याचा सख्खा चुलतभाऊ बिस्फेनॉल-एस रुजू होतो, आणि डब्यावर ‘बीपीए-मुक्त’ झळकतं. कर्करोगाशी त्यांचा संबंध अजून वादात आहे, हे मान्य. पण संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करण्याची खोड दोघांनाही आहे. तेव्हा एकेक नाव पकडत बसण्यापेक्षा एका कुळातल्या रसायनांची एकत्र तपासणी व्हावी. ‘मुक्त’ लिहिणाऱ्याने ते आधी प्रयोगशाळेत सिद्ध करावं, तेही वापरताना जेवढं तापवतात तेवढं तापवून.

सुतार आणि पार्लरवाल्यांसाठी हवा बाहेर खेचणारा पंखा सक्तीचा करा, आणि त्यांच्या तब्येतीची नोंद काम सुटल्यावरही चालू ठेवा. अ‍ॅस्बेस्टॉस या तंतुमय खनिजामुळे होणारा मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग, वीस ते पन्नास वर्षांनी डोकं वर काढतो. तोवर कारखाना बंद, मालक बदललेला, आणि डॉक्टरांसमोर बसलेल्या माणसाला तेव्हा काय हाताळलं ते आठवतही नसतं.

उत्तर सवडीने दिलंत तरी चालेल. ‘सुगंधा’तले घटक गुप्त ठेवण्याची मुभा आपलं खातं कशाच्या आधारावर देतं, तेवढं मात्र आधी जाहीर करा.

कळावे,
आपली,
एक निवृत्त शिक्षिका