व्यसनी मुलाच्या पालकांनाही आधार हवा

महोदय,

सज्ञान मुलगा दारूच्या आहारी गेला की त्याची उधारी फेडणे, तो आजारी असल्याचे कामाच्या ठिकाणी खोटेच कळवणे आणि नातेवाइकांपासून सारे लपवणे यांतच आई-वडिलांची उमेद संपते. शिवाय परिणामांची झळ मुलापर्यंत पोहोचतच नसल्याने उपचारांची गरजही त्याला भासत नाही. अशाच एका मुलाची आई म्हणून मी हे लिहीत आहे. अमेरिकेत १९५१ मध्ये सुरू झालेल्या आणि आपल्याकडेही सभा भरवणाऱ्या अल-अनॉन या कुटुंबीयांच्या संघटनेत शिकवले जाते, की हे व्यसन आपण लावलेले नाही, ते आपल्या ताब्यात नाही आणि ते बरे करणेही आपल्या हाती नाही. यातली पहिली गोष्ट आईच्या गळी उतरणे सर्वांत कठीण, कारण ‘संस्कार कमी पडले’ हा ठपका समाज तिच्यावरच ठेवतो. अलिप्त होणे म्हणजे मुलाला टाकणे नव्हे. पैसे ठामपणे नाकारावेत, मात्र जेवणाचे ताट आणि उपचारांची वाट खुली ठेवावी, आणि मारहाण होत असेल तर पोलिसांकडे जाण्यास कचरू नये. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांत कुटुंबीयांचेही समुपदेशन होते. आपल्या दैनिकाच्या स्थानिक पानावर अल-अनॉनच्या सभांची ठिकाणे व वेळा नियमितपणे प्रसिद्ध कराव्यात, ही कळकळीची विनंती.

— एक आई, सातारा